मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पहाटेचे आणि संध्याकाळचे फोटो काढण्यासाठी तिथी, भरती-ओहोटी आणि दिशा यांचा विचार कसा करावा?

पहाटवाट:

नमस्कार. मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवसापासून पाच दिवस मी आणि माझी थोरली बहीण मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यात फिरणार आहोत. रजा मंजूर झाली आहे, राहण्याची सोय झाली आहे, त्यामुळे तारखा आता बदलता येणार नाहीत. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स, एक ५५-२०० ची लेन्स आणि बऱ्यापैकी मजबूत ट्रायपॉड आहे. बहीण फोनवरच फोटो काढते आणि तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी मनापासून सांगतो.

गेल्या वर्षी गुहागरला गेलो होतो, तेव्हाचा अनुभव मनात सलत राहिला आहे. ज्यांच्यासोबत गेलो होतो त्यांनी ‘पहाटे समुद्रावर सूर्योदयाचे अप्रतिम फोटो मिळतील’ असे सांगितल्याने आम्ही साडेपाचलाच पुळणीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. उजाडले, पाणी राखाडीचे निळे झाले, आणि बऱ्याच वेळाने पाठीमागच्या नारळी-पोफळींच्या शेंड्यांतून ऊन आले. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे हे शाळेत शिकलेलो असूनही त्या क्षणी लक्षात आले नाही. संध्याकाळी सूर्य समोर होता, पण फोटोत तो टिकलीएवढा आला, त्याच्याभोवतीचे आकाश पांढरेफटक झाले आणि खालची वाळू काळी पडली.

म्हणून मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सूर्य समुद्रातून उगवतच नसेल तर कोकणात पहाटे उठून किनाऱ्यावर जाण्यात फोटोच्या दृष्टीने काय अर्थ आहे? आमचा प्रवास नेमका अमावास्येच्या आसपास आला आहे. चांदणे नसल्यामुळे हे दिवस वाया जातील असे एका स्नेह्याने सांगितले, ते खरे आहे का? आणि मावळतीचा सूर्य डोळ्यांना जेवढा मोठा दिसतो तेवढा फोटोत का येत नाही? ज्यांनी हा पट्टा पायी हिंडून पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातळसडा:

तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे रात्रीच्या फोटोंपुरते ठीक असेल, पण पहाट आणि संध्याकाळ यांच्यासाठी अमावास्येच्या पुढचे दोन-तीन दिवस मला संपूर्ण पंधरवड्यात सर्वांत चांगले वाटतात. मी गेली अनेक वर्षे या किनाऱ्यावर जातो आणि निघण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पाहण्याच्या आधी पंचांग पाहतो. असे का करतो, ते थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या अलीकडे भरती, आणि तिच्यापासून सहा तासांच्या अंतरावर, पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला, ओहोटी. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पडताळून घ्यावी. पण प्रवासाची आखणी करायला तो पुरेसा आहे.

आता याचा फोटोशी संबंध पाहा. डिसेंबरच्या मध्यात मालवणला सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान मावळतो. अमावास्येला त्या वेळी पाणी नुकतेच पुन्हा चढू लागलेले असते. प्रतिपदेला सूर्यास्त आणि ओहोटीचा तळ जवळजवळ एकत्र येतात. द्वितीयेला तर सूर्य मावळत असताना पाणी अजून मागेच सरकत असते, आणि मागे सरकणारे पाणीच आपल्याला हवे असते, कारण ते जाताना वाळूवर पाण्याचा इतका पातळ थर ठेवून जाते की सगळे आकाश खाली उतरते. चढत्या पाण्यात असे होत नाही. तिथे कोरडी वाळू, मग फेस, मग पाणी असा क्रम असतो आणि आपल्याला सतत मागे हटावे लागते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असल्यामुळे पाणी एरवीपेक्षा जास्त आत जाते आणि एरवी न दिसणारे कातळ उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. मुंबईच्या मानाने मालवणकडे पाण्याची चढ-उतार कमी आहे, पण सपाट पुळणीवर तेवढीही पुष्कळ होते.

द्वितीयेचे आणखी एक देणे आहे. सूर्य गेल्यावर अर्ध्या तासाने, आकाश केशरीकडून जांभळ्याकडे जात असताना, समुद्रावर पश्चिमेला नखाएवढी चंद्रकोर दिसते आणि तिचा उरलेला गोलही राखाडी रंगात अंधुक उमटलेला असतो. ओली वाळू, तो रंग आणि ती कोर हे तिन्ही एकाच वेळी मिळण्याची संधी महिन्यातून एक-दोन संध्याकाळीच येते. तुमच्या पाच दिवसांत ती आहे, म्हणून तारखा बदलता येत नाहीत याचे मला उलट बरे वाटले.

पहाटेबद्दल. समुद्राकडे तोंड करून उभे राहण्यात तुमची चूक नव्हती. अपेक्षा फक्त वेगळी ठेवायला हवी होती. सूर्य उगवण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पश्चिमेच्या क्षितिजावर निळसर-राखाडी रंगाचा एक पट्टा दिसतो आणि त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा असतो. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य वर येऊ लागला की ही सावली खाली सरकत समुद्रात बुडते आणि गुलाबी रंग पाण्याला टेकतो. पूर्व किनाऱ्यावर हे दृश्य जमिनीच्या बाजूला, घरांच्या आणि झाडांच्या मागे घडते. आपल्याकडे ते मोकळ्या समुद्रावर घडते. पौर्णिमेच्या पहाटे याच गुलाबी पट्ट्यात चंद्र मावळताना सापडतो, तेवढे एक मात्र अमावास्येला मिळणार नाही.

ऊन प्रत्यक्ष पुळणीवर उतरायला किनाऱ्यामागच्या सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उंचीप्रमाणे वेळ लागतो, कधी अर्धा-पाऊण तासही. तेव्हा पहिली किरणे थेट लाटांच्या माथ्यावर पडतात आणि तुम्ही उभे असता ती वाळू अजून सावलीत असते. पुढे ऊन वाळूवर आले की सुरूच्या झाडांच्या लांबच लांब सावल्या समुद्राच्या दिशेने पसरतात. या वेळी समुद्राकडे न पाहता किनाऱ्याच्या लांबीकडे, उत्तरेला किंवा दक्षिणेला, कॅमेरा वळवावा. ऊन बाजूने येते, वाळूची प्रत्येक सुरकुती उठून दिसते, आणि पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) असेल तर त्याचा परिणामही सूर्याशी काटकोनात असलेल्या याच दिशांना सर्वांत जास्त होतो. सूर्य पाठीशी ठेवून सरळ समुद्राकडे पाहिले तर आकाशावर तो जवळजवळ काहीच करत नाही.

सूर्यबिंबाच्या आकाराचे उत्तर गणितात आहे. सूर्य आकाशात अर्धा अंशच जागा व्यापतो, आणि सेन्सरवर त्याची प्रतिमा लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. १८ मिलिमीटरला ती ०.१६ मिलिमीटर होते आणि तुमचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे टिकलीसुद्धा नाही, ठिपका. २०० मिलिमीटरला ती १.८ मिलिमीटर होते, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या आठव्या भागाहून थोडी कमी. सूर्य मोठा हवा असेल तर लांब लेन्स लावून दूर उभे राहावे आणि मध्ये होडी, माड किंवा किल्ल्याचा बुरूज असे काही तरी घ्यावे. रुंद लेन्स लावली असेल तर सूर्याला विसरून वाळू आणि आकाश यांचा फोटो काढावा. दोन्ही एकाच फोटोत मागितले की दोन्ही हातचे जातात.

दिशेचेही तसेच. डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २४-२५ अंश सरकलेला असतो. हात पुढे ताठ धरून मूठ वळली की तिची रुंदी दहा अंश भरते, त्या मापाने अडीच मुठी डावीकडे. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर डिसेंबरात किल्ल्याच्या ईशान्येला उभे राहावे लागेल; मार्चमध्ये तोच फोटो किल्ल्याच्या थेट पूर्वेकडून मिळतो. म्हणून दांडीच्या किनाऱ्यावर दुपारीच एक फेरी मारून जागा ठरवून ठेवा. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटे मिळतात. त्या वेळी जागा शोधत पळणे व्यर्थ आहे.

खाडीकाठ:

मी मूळचा याच भागातला. वरचे उत्तर वाचून समाधान वाटले, विशेषतः पाऊणपटीचा हिशेब अजून कुणाच्या तरी वापरात आहे याचे. आमच्या घरात तो आजोबांकडून आला, आणि त्यांनी तो फोटोसाठी नव्हे तर होडी काढण्यासाठी वापरला.

‘कोकणात सूर्य पाण्यातून उगवत नाही’ या वाक्याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या वाटेवरच आहे. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. पहाटे खाडीच्या बाजूला उभे राहिलात तर पलीकडच्या माडांमागून वर आलेला सूर्य खाडीच्या पाण्यात पुरता उतरतो, आणि संध्याकाळी माडांतून थोडेसे चालत दुसऱ्या बाजूला गेलात की समोर मोकळा समुद्र. थंडीच्या दिवसांत खाडीवर धुके असते. ते पाण्यापासून हातभर उंचीवर तरंगत असते आणि त्यातून एखादी होडी वल्हवत गेली तर होडी दिसते, पाणी दिसत नाही. उत्तरेकडे तोंडवळी-तळाशीललाही अशीच रचना आहे. तिथे समुद्र आणि गड नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूची पट्टी आहे आणि वर्दळ देवबागपेक्षा बरीच कमी. देवबाग आणि तारकर्लीला सकाळी उशिरा जलक्रीडांच्या बोटी सुरू होतात, मग पाणी ढवळते आणि आवाजही वाढतो. त्यामुळे जे काही करायचे ते त्यापूर्वी करावे.

निवतीच्या किल्ल्यावर मात्र सकाळी जा. तिथून भोगव्याची पुळण खाली पसरलेली दिसते आणि ऊन पाठीमागून तिच्यावर पडते. संध्याकाळी तिथे गर्दी होते, पण माझ्या मते त्या जागेची खरी वेळ सकाळचीच आहे. शिरोड्याला गेलात तर मिठागरे चुकवू नका. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. हंगाम असेल आणि वाफ्यांत पाणी असेल तर समुद्रापेक्षा स्थिर आरसा तुम्हाला तिथे मिळेल, कारण वाफ्यांना लाट नसते. बांधांवर मात्र विचारल्याशिवाय पाय ठेवू नये. ते मातीचे असतात आणि खचले तर कुणाची तरी मेहनत वाया जाते.

आता मला ज्या गोष्टीची खरोखर काळजी वाटते ती सांगतो. पहाटे किनाऱ्यावर तुम्हाला रापण लागलेली दिसेल. होडीतून जाळे अर्धगोलात सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांत उभी असलेली माणसे तासन्‌तास ओढत आणतात. म्हातारी माणसे, बायका, शाळकरी मुले सगळी त्यात असतात. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एकाच लयीत ओढणारी ती रांग, वर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि शेवटी जाळ्याच्या पोटात तडफडणारी तारली किंवा बांगडे हे दृश्य सुंदर आहे हे मीही मान्य करतो. पण ते त्यांच्यासाठी त्या दिवसाचे उत्पन्न आहे. जाळे रिकामे आले असेल तर त्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखून उभे राहू नये. आधी जाऊन बोलावे, विचारावे, जमल्यास दोराला हात लावावा. दोर हातात घेतल्यावर तुम्हाला जो फोटो सुचेल तो लांबून सुचणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. फोटो पाठवीन असे कबूल केले असेल तर ते पाळावे. कितीतरी लोक कबूल करून जातात आणि घरातली म्हातारी माणसे वर्षभर त्या फोटोची वाट पाहतात.

आणि पाठ समुद्राकडे करून कातळावर कधीही उभे राहू नका. कोंडुऱ्यासारख्या खडकाळ जागी दहा लाटा शांत येतात आणि अकरावी अंगावर येते. हिरवट शेवाळ दिसले तर तिथे पाय टाकू नये. काळा कोरडा कातळ आणि काळा ओला कातळ यांतला फरक अंधारात कळत नाही, म्हणून जागा उजेडातच पाहून ठेवावी.

पहाटवाट:

दोघांचेही मनापासून आभार. अमावास्येचा असा उपयोग होईल याची मला कल्पनाच नव्हती. बहिणीने रापणीबद्दलचा मजकूर दोनदा वाचला आणि फोटो छापून पाठवण्याची जबाबदारी तिने आताच स्वतःकडे घेतली आहे.

दोन व्यावहारिक शंका राहिल्या. आकाश पांढरे आणि वाळू काळी हा प्रकार कसा टाळावा? फिल्टर विकत घ्यावा लागेल का? आणि खाऱ्या वाऱ्यापासून कॅमेरा कसा सांभाळावा? गेल्या वेळी परत आल्यावर लेन्सची कडी फिरवताना कुरकुर आवाज येत होता आणि दुरुस्तीचा खर्च बराच आला.

ओली_वाळू:

फिल्टर लगेच घेऊ नका. तुमचा सूर्यास्ताचा फोटो बिघडला तो बहुधा वेळेमुळे. सूर्य हाताच्या चार बोटांएवढा वर असताना आकाश आणि जमीन यांच्या उजेडात इतका फरक असतो की कोणताही सेन्सर दोन्ही पकडताना अडखळतो. सूर्य बुडाल्यानंतर हा फरक झपाट्याने कमी होतो आणि ओली वाळू आकाशाचाच उजेड परत देत असल्याने तो आणखी कमी होतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो. सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत चांगला रंग हातातून जातो. बहुतेक लोक सूर्य बुडाला की चहाच्या टपरीकडे वळतात, आणि नेमकी तीच मिनिटे आपली असतात.

एक्स्पोजर आकाशाच्या उजळ भागावर ठरवावे, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढावे आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी बाजू भिंतीला चिकटत नाही ना हे पाहावे. गडद भाग नंतर उजळता येतो. जळालेले आकाश परत आणता येत नाही. ट्रायपॉडवर असाल तर तोच फोटो तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरने काढून ठेवावा. व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवू नका, कारण कॅमेरा संध्याकाळचा केशरी रंग चूक समजून पुसून टाकतो; तो दिवसाच्या उजेडावर स्थिर ठेवा. बहिणीला सांगा की फोनच्या पडद्यावर सूर्याजवळच्या आकाशावर बोट दाबून धरायचे, फोकस आणि उजेड तिथे पक्के झाले की उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. एवढ्यानेही रंग परत येतो.

लाटांसाठी शटरचा विचार वेगळा करावा लागतो. कातळावर फुटणारी लाट थेंबाथेंबाने हवी असेल तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. परत जाणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद, आणि बटण लाट येताना नव्हे, ती वळून निघाली की दाबायचे. पाण्याचे धुके करणारे तीस सेकंदांचे फोटो काढण्यासाठी लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो, पण ते काढायला मी तुम्हाला सुचवणार नाही. तसा समुद्र कुठलाही असू शकतो. मालवणची लाट मालवणची दिसली पाहिजे. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा आणि पाणी पायांभोवती फिरून गेले की पुन्हा दाबा, कारण प्रत्येक लाट पायाखालची वाळू नेते आणि एक सेकंदाच्या फोटोतही ते खचणे दिसते.

चंद्रकोरीसाठी २०० मिलिमीटरला एफ ५.६, आयएसओ ८०० आणि अर्धा सेकंद येथून सुरुवात करा. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवला तर कोर सरकून जाड दिसू लागते.

खाऱ्या वाऱ्याविषयी माझा नियम साधा आहे: किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. कोणती लावायची ते खोलीतच ठरवावे. लेन्सच्या काचेवर तुषार बसले तर कोरड्या कापडाने घासू नका, कारण वाळलेल्या मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. कापड गोड्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, हलकेच टिपून घ्या आणि मग कोरड्या कापडाने पुसा. परतल्यावर त्याच ओलसर कापडाने कॅमेऱ्याचे अंग आणि लेन्सच्या कड्या पुसाव्यात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच वाळू द्यावेत. वाळूचा कण आणि मीठ दोन्ही कडीच्या सांध्यात बसले की कुरकुर सुरू होते, तुमच्या लेन्सचे तेच झाले असावे. वातानुकूलित खोलीत राहणार असाल तर पहाटे निघताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेत येताच काच धुरकटते आणि ती निवळेपर्यंत तो गुलाबी पट्टा गेलेला असतो.

पूर्वकिनारा:

मी नोकरीनिमित्त चेन्नईत राहतो, त्यामुळे विरुद्ध बाजूचा अनुभव सांगतो. इथे सूर्य खरोखरच समुद्रातून उगवतो आणि पहिली काही वर्षे मी त्यातच रमलो होतो. पण सूर्यास्तापेक्षा सूर्योदय अवघड आहे. मावळता सूर्य कुठे चालला आहे ते दिसते. उगवता सूर्य कुठून येणार ते आधी ठाऊक असावे लागते. डिसेंबरात तो पूर्वेच्या दक्षिणेला वीस अंशांहून जास्त सरकलेला असतो, त्यामुळे महाबलीपुरमच्या किनारी मंदिरासमोर जूनमध्ये शोधलेली जागा डिसेंबरात उपयोगी पडत नाही. शिवाय इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटरच्या आसपास असतो आणि किनारा उताराचा आहे. मालवणला ओहोटीनंतर मिळतो तसा ओल्या वाळूचा रुंद आरसा इथे मला क्वचितच मिळाला. गावी आलो की मी तोच शोधत जातो.

दोन्ही एकाच प्रवासात हवे असतील तर कन्याकुमारीला जावे, पण ती पुढची गोष्ट. तुमच्या पाच दिवसांत मी एकच भर घालीन: ओहोटीच्या वेळी पायाखाली पाहा. वाळूतले बारीक खेकडे बिळातून वर येऊन वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करतात आणि बिळाभोवती किरणांसारख्या मांडत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक गोळीला स्वतःची सावली असते. पुढची भरती ती सगळी रांगोळी पुसते.

पहाटवाट:

परत आलो. उशिरा लिहितो आहे याबद्दल क्षमस्व.

पहिल्या दोन पहाटे क्षितिजावर इतका धुरकटपणा होता की गुलाबी पट्टा दिसलाच नाही. नुसती राखाडी भिंत होती. तिसऱ्या पहाटे तळाशीलला तो दिसला. पाच-सात मिनिटेच, पण सावली पाण्यात उतरताना आम्ही दोघांनी स्पष्ट पाहिली. त्याच दिवशी खाडीच्या बाजूलाही जाऊन आलो, आणि धुक्यातली होडी बहिणीच्या फोनवर आली आहे, माझ्या कॅमेऱ्यावर नाही, कारण मी त्या वेळी लेन्स पुसत होतो.

द्वितीयेची संध्याकाळ देवबागला गाठली. सूर्य ढगात गेला, त्यामुळे बिंबाचा फोटो नाही. लोक निघून गेले. पाणी मागे जात राहिले आणि आमच्यासमोर वाळू इतकी गुळगुळीत झाली की एक टिटवी चालत गेली तेव्हा तिची तीन बोटांची पावले त्या रंगात एकेक करून उमटताना दिसली. मग कोर दिसली. अर्धा सेकंद बरोबर होता. एका सेकंदाच्या फोटोत ती खरोखरच जाड झाली.

पाऊणपटीचा हिशेब आणि प्रत्यक्ष ओहोटी यांत आम्हाला सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक आढळला. रापण चौथ्या दिवशी मिळाली. आम्ही दोघांनीही दोर धरला, आणि जाळे वर येईपर्यंत माझा कॅमेरा पिशवीतच राहिला. जाळ्यात तारली होती, बऱ्यापैकी. त्यानंतर विचारून अकरा फोटो काढले. त्यांतले चार बहिणीने मोठ्या आकारात छापून पोस्टाने पाठवले आहेत. एका फोटोत रांगेच्या टोकाला उभी असलेली एक आजी आहे आणि तिने दोराला मारलेली गाठ मध्यभागी आली आहे. ती गाठ कोणती, हे खाडीकाठ यांना ठाऊक असेल तर जरूर सांगावे.